काका आणि नदीकाठचा भोंगा

काकांशी बोलायचं म्हणजे दर दोन वाक्यांनंतर ‘हूं’ म्हणावं लागे. नुसतं ऐकून भागत नसे. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात ऑफिसात ते मला काहीतरी सांगत होते आणि मी स्क्रीनकडे बघत, मान डोलवत ऐकत होते. अर्ध्या वाक्यात ते थांबले, उठले आणि चहा प्यायला निघून गेले. परत आल्यावर त्यांनी तीच गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. मला वाटलं, माणूस विसराळू आहे. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी विचारलं, “काका, मघाशी अर्ध्यावर का सोडलंत?”

“तू हूं नाई म्हटलं.”

“पण मी ऐकत होते ना!”

“ते मले कसं समजावं, व बाई? भिताडबी असंच आयकते.”

त्यांच्या घरी मोहाडीला हातमाग होते. मागावरून उठलं की आजोबा गोष्ट सांगायचे आणि पोरांपैकी एकाला हुंकार द्यायला समोर बसवायचे. हुंकार थांबला की गोष्ट तिथेच थांबायची, मग राजपुत्र विहिरीत लोंबकळत असला तरी आजोबांना त्याची दया येत नसे. हे काम बहुतेक वेळा काकांकडे असायचं. त्याचा सूड ते पुढे आयुष्यभर सगळ्या जगावर उगवत राहिले.

आमचं ऑफिस भंडाऱ्याला एका कापड दुकानाच्या माडीवर होतं. तीन खोल्या, एक गळका माठ, साहेब, मी, काका आणि दोन सर्व्हरवर चालणारं एक काम. नदीकाठच्या गावांमध्ये आम्ही भोंगे बसवले होते. वरच्या धरणातून पाणी सोडायचं ठरलं की तसा निरोप आमच्याकडे येई, आम्ही ऑफिसातून एक आज्ञा पाठवायची आणि गावागावांत भोंगा वाजायचा. नदीत कुणी जाळं टाकून बसलं असेल, कुणी गुरं धूत असेल, त्याने तो ऐकून काठावर यायचं. ऐकायला सोपं आणि सांगायला त्याहून सोपं. पाहुणे आले की साहेब ते फारच सोपं करून सांगत.

काका टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले होते. साहेबांनी त्यांना भोंग्याचे खांब उभारायला म्हणून घेतलं, आणि खांब उभे झाल्यावर काका घरी जायचं विसरले. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला तोवर कितीतरी वर्षं लोटली होती, पण काका गोंदियाच्या माणसाला अजून ‘आपल्या जिल्ह्याचा’ म्हणत. कुणी चूक दाखवली तर म्हणत, “कागदावर तुटला असन. तिकडल्या खांबायवर कोन चढलं होतं?”

खिशात खडू असायचा. घडलेल्या प्रत्येक गोष्टीची वेळ ते दिसेल त्या जागेवर लिहून ठेवत: दारावर, टेबलावर, फरशीवर. एकदा साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवर ‘११.२०’ लिहिलेलं सापडलं. साहेब भडकले, तर काका शांतपणे म्हणाले, “त्या टायमाले लाइट गेली होती, आन् गाडीच जवळ होती.” डब्यात रोज भात आणि सुक्या झिंग्यांची चटणी. ती उघडली की आमच्या एसीचा काही उपयोग उरत नसे, खिडक्या उघडाव्याच लागत.

कॉम्प्युटरवर त्यांचा राग नव्हता, पण त्याच्या नोंदींवर काडीचा विश्वास नव्हता. मी एखादा लॉग दाखवून “बघा, इथे लिहिलंय” म्हटलं की ते म्हणत, “हे त्याची डायरी होय न? आपल्या डायरीत कोनी आपली चूक लिहिते का?” बिघाड शोधायची त्यांची एकच रीत होती. बिघाडाच्या जागी जायचं, बूड टेकायचं आणि बघत बसायचं. चिखल्याकडे जाणाऱ्या टेलिफोनच्या लाइनीत एकेकाळी रोज खरखर यायची. सगळ्यांनी जोड तपासले, वायर बदलली. काका डबा घेऊन मोहाच्या झाडाखाली अर्धा दिवस बसले आणि त्यांनी पाहिलं की दुपारी वानरांची एक टोळी येते आणि तारेला लटकून झोके घेते. ही गोष्ट त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितली आणि वीसही वेळा मी शेवटपर्यंत हुंकार दिला.

आता रेवाबाईकडे येते. बपेऱ्याच्या रस्त्यावर, नदीला लागून मासे धरणाऱ्या लोकांची एक वस्ती आहे. तिथला भोंगा आम्ही रेवाबाईच्या घरावर बसवला होता, कारण घर उंचावर होतं आणि सबंध वस्तीत तिच्याशी वाद घालायची हिंमत कुणात नव्हती. भोंग्याची पेटी तिच्या ओसरीत भिंतीवर होती आणि तिची देखभाल रेवाबाईच करायची.

एका पावसाळ्यात पाणी सोडलं, आम्ही आज्ञा पाठवली आणि तो भोंगा वाजला नाही. बाकी सगळे वाजले, तेवढा एक मुका राहिला. रेवाबाईचा नवरा तेव्हा मधल्या खडकांत जाळं सोडवत होता. पाणी चढलं तसा तो एका झाडाला धरून दोन तास लटकला, मग लोकांनी दोर टाकून त्याला काढला. जीव वाचला, पायाला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. पेटी तपासली, ऑफिसला फोन करून भोंगा वाजवून पाहिला. खणखणीत वाजला. साहेब म्हणाले, “रेंज गेली असेल.” आमच्याकडे कशाचंही खापर रेंजवर फोडता येतं, आणि त्या भागात ते कुणी नाकारतही नाही. आठवड्याने पुन्हा कळवून गेलो. पुन्हा वाजला. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा पाणी सोडलं आणि भोंगा परत मुका. त्या दिवशी नशिबाने नदीत कुणी नव्हतं.

रेवाबाई त्यानंतर थेट ऑफिसात आली, एसटीने, डोक्यावर पदर घट्ट घेऊन. खुर्ची दिली तरी बसली नाही.

“तुमचा भोंगा काढून न्या,” ती म्हणाली.

साहेब समजावू लागले. नसण्यापेक्षा असलेला बरा, दहापैकी नऊ वेळा तरी वाजतो वगैरे.

“बरा कसा जी? पयले आमी पानी पायत होतो. पान्याचा रंग पायत होतो, फेस पायत होतो, कान देऊन रायत होतो. आता भोंगा हाये म्हनून कोनी पायतच नाई. तो नाई वाजला म्हंजे पानी येत नाई, असं सबन लोक समजून रायले. मले नवरा पायजे, भोंगा नोको.”

तिचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कोपऱ्यात बसलेले काका मात्र तिच्या प्रत्येक वाक्याला ‘हूं’ म्हणत होते. तिचं संपल्यावर ते म्हणाले, “आठ दिवस दे, बाई. आठ दिवसानं मी स्वतः काढून देतो.” तिने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि “आठच,” म्हणून ती गेली.

मी दोन दिवस लॉग चाळले. सर्व्हर म्हणत होता, आज्ञा पाठवली. पेटी म्हणत होती, आज्ञा आलीच नाही. दोघांच्याही मते जोडणी चालू होती. पेटीच्या डायरीत सारखी ‘पुन्हा जोडले’ अशी नोंद दिसे, ती मी रेंजच्या खात्यात टाकून मोकळी झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या टेबलाशी आले.

“चाल.”

“कुठे? त्यांना कळवलं का?”

“कळवून गेलं का सबन चांगलंच दिसते.”

तुमसरपर्यंत एक बस, पुढे दुसरी. साडेदहाला आम्ही वस्तीत उतरलो. रेवाबाई अंगणात जाळं पसरून बसली होती. आम्हाला पाहताच ती लगबगीने उठली, पदराने पेटी पुसली आणि तिच्या बटणाकडे हात नेला.

“हात नोको लावू!” काका एवढ्या जोरात ओरडले की तिची कोंबडी उडाली. “का करून राहिली?”

“काई नाई जी. बंद-चालू करा लागते न.”

“कवा कवा करते हे?”

“तुमी लोक येता तवा. फोन आला का पुसून-पासून, बंद-चालू करून ठेवत असतो. पावन्यायसमोर इज्जत रायली पायजे न!”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाळाला हात लावला. आम्ही कळवून येणार, ती आमची लाज राखायला पेटी बंद करून चालू करणार, पेटी नव्याने सर्व्हरशी जोडली जाणार आणि आम्ही ताज्या जोडणीवर भोंगा वाजवून खूश होऊन परत जाणार. पाणी मात्र तिला कळवून येत नव्हतं.

काकांनी खडू काढला, भिंतीवर वेळ लिहिली आणि ओसरीत मांडी घातली. पेटीला एक छोटा दिवा होता, चाचणीची आज्ञा आली की तो भोंगा न वाजवता नुसता लुकलुके. ती आज्ञा मला मोबाइलवरून पाठवता येत होती. काका म्हणाले, “आता पाठव.” पाठवली. दिवा लुकलुकला. मी म्हटलं, “बघा, चालू आहे की!”

“चूप राह्य. आता दोन मिनिट कोनी काई पाठवाचं नाई. मंग पाठव.”

दोन मिनिटांनी दिवा लुकलुकला. मग त्यांनी तीन मिनिटं गप्प बसवलं, मग चार. रेवाबाईही आमच्याशेजारी येऊन बसली. तिघंजण भिंतीवरच्या एका पेटीकडे एकटक बघत होतो. रस्त्याने जाणारा एक म्हातारा थांबला, त्यानेही थोडा वेळ पेटीकडे पाहिलं आणि काही विचारण्यात अर्थ नाही असं ठरवून निघून गेला. पाच मिनिटांनी दिवा लुकलुकला. भिंतीवर खडूच्या आकड्यांची रांग लांबत होती. सहा मिनिटं झाल्यावर मी आज्ञा पाठवली आणि दिवा लागला नाही.

पुन्हा पाठवली. नाही. मोबाइलवर मात्र दिमाखात लिहून आलं, ‘पाठवली’.

“आता काईच नोको करू,” काका म्हणाले. त्यांचा आवाज फार शांत होता. “पायत राह्य फक्त.”

आम्ही बघत राहिलो. दहाव्या मिनिटाला पेटीने आपणहून क्षणभर लाल दिवा दाखवला, मग हिरवा. मी चाचणी पाठवली. लुकलुकला.

तेव्हा मला सगळं एकदम कळलं. कारण ती दहा मिनिटं माझी होती. पहिल्या वर्षी, एकच सर्व्हर होता तेव्हा, पावसाळी हवेत सोलरची बॅटरी पुरावी म्हणून मीच ठरवलं होतं की पेटीने दहा मिनिटं शांत गेली की एकदा ‘मी आहे’ असं सर्व्हरला सांगायचं. मधला वेळ जोडणी नुसती उघडी ठेवायची, टेलिफोन उचलून कानाला लावून बसावं तशी. तेव्हा ते बरोबर चालत होतं. पुढे दुसरा सर्व्हर आला आणि दोघांच्या पुढे आम्ही लोड बॅलन्सर बसवला. तो दारावर बसलेला कारभारी. आलेल्या पेटीला या नाहीतर त्या सर्व्हरकडे धाडायचं आणि कोण कुणाकडे गेलं ते आपल्या वहीत ठेवायचं, हे त्याचं काम. पण जी जोडणी सहा मिनिटं काही बोलत नाही तिचं नाव तो वहीतून खोडतो, आणि खोडलं हे ना पेटीला सांगतो ना सर्व्हरला. म्हणजे शांततेच्या प्रत्येक दहा मिनिटांत सहा मिनिटं भोंगा जिवंत आणि चार मिनिटं मेलेला. ज्या दिवशी रेवाबाईचा नवरा खडकांत होता, त्या दिवशी आमची आज्ञा त्या चार मिनिटांत गेली होती, आणि पंधरा दिवसांनीही. बहुतेक गावं अजून जुन्या वाटेने थेट पहिल्या सर्व्हरलाच जोडलेली होती, आणि उरलेल्यांच्या वाट्याला ती चार मिनिटं अजून आली नव्हती एवढंच.

“काका, ही माझी चूक आहे,” मी म्हटलं. रेवाबाई समोरच होती. मला वाटलं, ती आता मला नदीत ढकलेल.

“हूं,” काका म्हणाले. मग म्हणाले, “तुही चूक दहा मिनिटाची. वहीवाला बसवला तवा ‘कोन किती वेळ चूप रायते’ हे कोनीच इचारलं नाई, ते साऱ्यायची. मीबी अठीच होतो न.”

रेवाबाईला त्यांनी सगळं समजावून सांगितलं, हुंकाराच्या भाषेत. गोष्ट सांगणारा थांबतो कारण ऐकणाऱ्याचा हुंकार येत नाही, झोपला असं समजून उठून जातो. ऐकणारा तर जागा आहे, डोळे मिटून वाट पाहतो आहे. तिला ते माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा लवकर कळलं. ती म्हणाली, “मंग घडीघडी हूं म्हनाले लावा न त्याले. इतलं कायले घाबरता?”

तेच केलं. पेटीने दर मिनिटाला हुंकार द्यायचा. साहेबांना बॅटरीची काळजी वाटली, काकांनी विचारलं, “हूं म्हनाले कितीक दम लागते?” आणि खरंच, चार दिवस सूर्य दिसला नाही तरी बॅटरी टिकली. दुसरी गोष्ट काकांनी हट्टाने करायला लावली. ‘वाज’ म्हटल्यावर पेटीने ‘वाजलो’ असं उत्तर द्यायचं, आणि ते आलं नाही तर ऑफिसातल्या माणसाने लगेच त्या गावात फोन करायचा. मोबाइलवर नुसतं ‘पाठवली’ असं लिहून येणं त्यांनी मला कायमचं काढून टाकायला लावलं. तिसरी गोष्ट त्यांनी रेवाबाईला सांगितली: भोंगा असला तरी पाणी पाहत जा. “ते सांगा लागते का,” ती म्हणाली.

आठ दिवस संपले, भोंगा राहिला. पण काकांचा एवढ्याने विश्वास बसणार नव्हता. साहेबांना मोठ्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक करायचं होतं, काकांनी साफ नकार दिला. पाहुणे म्हटले की पेटी पुसली जाणार. त्यांनी घरून टसरचा एक धागा आणला आणि तो बटणावरून आडवा बांधून दोन्ही टोकांना मेण लावलं. कुणी हात लावला तर धागा तुटणार. रेवाबाईला आधी हा स्वतःचा अपमान वाटला. नंतर मात्र ती त्या धाग्याची अशी राखण करू लागली की ओसरीत नातेवाइकांनाही बसू देईना. काका महिन्यातून एकदा न कळवता जात, धागा बघत, भिंतीवर वेळ लिहीत आणि तळलेले मासे खाऊन परत येत. माझ्या मते पुढे पुढे ते माशांसाठीच जात होते.

त्यांचा एक त्रास मात्र मला शेवटपर्यंत झाला. त्यांच्या मते यंत्र ठीक आहे की नाही हे यंत्राला विचारून कळत नाही. रोज अकराला ते एखाद्या गावात फोन करत आणि भोंग्याबद्दल अवाक्षर न काढता भाताच्या रोवण्याचं कसं चाललंय, तळ्यात पाणी किती आहे, आंबागडच्या बाजूला पाऊस झाला का, हे विचारत बसत. मी एकदा वैतागून विचारलं, “यातून काय कळतं तुम्हाला?” ते म्हणाले, “तठी मानूस हाये, हे समजते.” मी तेव्हा हसले होते.

पुढच्या पावसाळ्यात, एका दुपारी, निरोप आला. वर पाऊस फार झाला होता, पाणी सोडणार होते. दुरुस्तीनंतरची खरीखुरी, मोठी अशी ती पहिलीच वेळ. साहेब उभे, मी खुर्चीच्या टोकाला, काकांनी टेबलावर वेळ लिहिली. मी आज्ञा पाठवली.

उत्तरं येऊ लागली. एकेका गावाच्या नावापुढे ‘वाजलो’ उमटत गेलं. रेवाबाईच्या वस्तीचं नाव यादीत खाली होतं. तेही आलं. साहेबांनी टाळी वाजवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

काका मात्र उठले नव्हते. “पेटी बोलली,” ते म्हणाले. “बाई नाई बोलली.” त्यांनी रेवाबाईला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. साहेबांचा हात टाळीच्या मधेच राहिला. तिसऱ्यांदा लावताना काकांनी एकेक आकडा बघून बघून दाबला. तिसऱ्यांदाही कुणी उचलला नाही. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. बाहेर कापड दुकानदार कुणाला तरी पातळं दाखवत होता, त्याचा आवाज वर ऐकू येत होता.

मग फोन वाजला. काकांनी घाईत भलतंच बटण दाबलं आणि रेवाबाईचा आवाज सबंध खोलीत भरला.

“मुडदा बशिवला तुमच्या भोंग्याचा! नवं जाळं होतं माहं, नवं! टाकून पंधरा मिनिट नाई झाले! बोंबललं ते टिनपाट तुमचं, आन् सबन लोक जाळे सोडून पळाले. काढाले गेली त माह्या नवऱ्यानं हात धरून वर ओढलं मले. गेलं न वाहून! कोन देते आता मले जाळं? तुमचा तो साहेब देते का? आन् तो बुढा कोठी हाये, धागा बांधनारा? त्याले द्या फोन, त्याले सांगतो मी!”

साहेब घाईघाईने फोनकडे वाकले, माफी मागायला असतील. काकांनी त्यांचा हात धरून बाजूला केला. ती मधे श्वास घ्यायला थांबली तेवढ्यात त्यांनी विचारलं, “घरचे सारे वर आले न, बाई?”

“आले न! अठी उभे हायेत सबन, काठावर. मले पाहून हासून रायले बेशरम! तुमाले का झालं इचाराले? माहं जाळं गेलं म्हनतो मी!”

काकांनी खुर्ची मागे सरकवली, पाय लांब केले आणि भिंतीला डोकं टेकलं.

“सांग, बाई, सांग,” ते म्हणाले, “पुरं सांग. आज मले काईच काम नाई.”